दवाखान्यातली चिठ्ठी आणि देशाची सरासरी

एका दवाखान्यातून महिनाभरात बाहेर पडलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या एकत्र ठेवल्या, की त्या डॉक्टरांच्या उपचाराची सवय दिसू लागते. सुटी चिठ्ठी फारसे बोलत नाही. समोरच्या रोग्याला अँटिबायोटिक का दिले, याचे कारण त्या रोग्यापुरते पटण्यासारखे असू शकते. पण सर्दीच्या दर दहा रोग्यांपैकी आठ जण अँटिबायोटिक घेऊन घरी जात असतील, तर प्रश्न त्या रोग्यांचा राहत नाही, दवाखान्याच्या पद्धतीचा होतो. पद्धत मोजता येते, आणि मोजली की तिची तुलना करता येते: शेजारच्या दवाखान्याशी, जिल्ह्याशी, देशाशी आणि शास्त्राने सांगितलेल्या प्रमाणाशी.

मोजण्याची सर्वमान्य रीत १९९३ पासून आहे. जागतिक आरोग्य संघटनेने त्या वर्षी औषधवापराचे मोजके निर्देशक ठरवून दिले. चिठ्ठीपुरते त्यांतले पाच महत्त्वाचे: दर भेटीला सरासरी किती औषधे लिहिली, त्यांतली किती मूळ म्हणजे जेनेरिक नावाने लिहिली, शंभर भेटींपैकी किती भेटींत अँटिबायोटिक दिले, किती भेटींत इंजेक्शन दिले, आणि लिहिलेल्या औषधांपैकी किती आवश्यक औषधांच्या यादीतली होती. अभ्यासक यांसाठी जी संदर्भमूल्ये वापरतात ती अशी: दर भेटीला १.६ ते १.८ औषधे, अँटिबायोटिक २० ते २६.८ टक्के भेटींत, इंजेक्शन १३.४ ते २४.१ टक्के भेटींत, मूळ नाव आणि यादी या दोन्ही बाबतींत १०० टक्के. या मोजणीला प्रयोगशाळा लागत नाही. वही, पेन्सिल आणि महिनाभराच्या चिठ्ठ्या पुरतात.

नमुन्यादाखल विदर्भातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी सहज दिसेल अशी एक चिठ्ठी घ्यावी. पस्तिशीतली शेतमजूर बाई, तीन दिवसांची सर्दी, घसा धरलेला, अंगात कसकस. चिठ्ठीवर ॲझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम रोज एक, तीन दिवस, ॲसेक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल आणि सेराटिओपेप्टिडेज यांची एकत्रित गोळी, लेव्होसेट्रिझिन आणि मॉन्टेल्युकास्टची सर्दीची गोळी, रिकाम्या पोटी पँटोप्राझोल, जीवनसत्त्वांची कॅप्सूल. शिवाय दवाखान्यातच कमरेला दिलेली डायक्लोफेनॅकची सुई. निर्देशकांच्या हिशोबात एकत्रित गोळी हे एकच औषध धरतात, तरी संख्या सहावर जाते. अँटिबायोटिक आहे, इंजेक्शन आहे, सगळी नावे कंपन्यांची आहेत, आणि या एकत्रित गोळ्या राष्ट्रीय आवश्यक औषध यादीत सापडत नाहीत.

आता हीच चिठ्ठी उलट दिशेने वाचावी. पँटोप्राझोल कशासाठी? वेदनाशामकाने पोटात जळजळ होऊ नये म्हणून. वेदनाशामक कशासाठी? अंगदुखीसाठी. ती बहुतेक वेळा एकट्या पॅरासिटामॉलने थांबते आणि पॅरासिटामॉलने तशी जळजळ होत नाही. म्हणजे दुसरे औषध आले म्हणून चौथे आले. डायक्लोफेनॅक आणि ॲसेक्लोफेनॅक एकाच कुळातली औषधे. सुईतून एक आणि गोळीतून दुसरे गेल्याने आराम दुप्पट होत नाही, मूत्रपिंडावरचा आणि जठरावरचा भार मात्र वाढतो. तीन दिवसांची सर्दी बहुधा विषाणूची असते आणि ॲझिथ्रोमायसिन विषाणूवर चालत नाही. अशा बाईला पॅरासिटामॉल, कोमट पाण्याच्या गुळण्या, आणि ताप वाढला किंवा धाप लागली तर पुन्हा येण्याची सूचना एवढे पुरले असते. तिची दिवसभराची मजुरी मात्र मेडिकलच्या बिलात गेली. औषधांच्या विवेकी वापराचा मुद्दा पैशाच्या या टोकाकडून पाहिल्याशिवाय त्याचे गांभीर्य नीट उमगत नाही.

देशाशी तुलना करून पाहण्यासाठी विदर्भातलाच वाशीम जिल्हा घेऊ. तो १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे सहा तालुके, आणि २०११ च्या जनगणनेनुसार ११,९७,१६० लोकसंख्या. २०१८ मध्ये नीती आयोगाने निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांत महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांपैकी वाशीम एक होता. सोयाबीन, तूर आणि कपाशीवर चालणाऱ्या या भागात पहिली धाव कोणाकडे जाते, हे तुलनेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या बाह्यरुग्ण उपचारांपैकी सुमारे एकतृतीयांशच सरकारी दवाखान्यांत झाले होते. खासगी डॉक्टर व खासगी दवाखाने यांचा एकट्याचा वाटा ४० टक्क्यांच्या पुढे होता. गावातला खासगी डॉक्टर पुष्कळदा आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचा पदवीधर असतो आणि ॲलोपॅथीची औषधे लिहितो. होमिओपॅथी पदवीधरांना औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केल्यावर ती मुभा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने २०१४ मध्ये केली. तेव्हा ‘दवाखाना’ या एका नावाखाली प्राथमिक आरोग्य केंद्र, एमबीबीएस डॉक्टर, वैद्य आणि होमिओपॅथ असे चार निरनिराळे प्रकार येतात. चौघांच्या चिठ्ठ्या एका ढिगात टाकून काढलेल्या सरासरीला फार अर्थ नसतो.

त्यातही अनेक दवाखान्यांत चिठ्ठी नसतेच. डॉक्टर तपासणीची फी आणि औषध यांचे मिळून एकच पैसे घेतात आणि कागदाच्या पुडीत दोन पांढऱ्या, एक पिवळी, अर्धी गुलाबी अशा सुट्या गोळ्या बांधून देतात. पुडीवर औषधाचे नाव नसते. सकाळ-संध्याकाळच्या खुणा तेवढ्या असतात. रोग्याला हे स्वस्त पडते, मेडिकलची फेरी वाचते, आणि ज्याच्या खिशात मोजकेच पैसे आहेत त्याच्यासाठी ही सोय मोठी आहे. पण मोजणी करायला बसलेल्याच्या हाती काही लागत नाही. अशा ठिकाणी दवाखान्याच्या दारात बाहेर पडणाऱ्या रोग्याला थांबवून, पुडी उघडून, डॉक्टरांच्याच मदतीने गोळ्या ओळखाव्या लागतात. सरकारी केंद्रातले काम सोपे असते. तिथे केसपेपर आणि औषधवाटपाची नोंद असते, शिवाय राष्ट्रीय आरोग्य अभियानात चिठ्ठ्यांच्या लेखापरीक्षणाची मार्गदर्शक पुस्तिकाही आहे. सरकारी औषधवापर मोजला जातो आणि खासगी मोजला जात नाही, अशी ही स्थिती आहे. लोक मात्र जास्त करून खासगीत जातात.

याउलट इंग्लंडमध्ये प्रत्येक दवाखान्याने कोणते औषध किती लिहिले, हे दर महिन्याला जाहीर होते. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या गटाने ते आकडे कोणालाही तपासता येतील अशा तक्त्यांत मांडले आहेत. तिथल्या डॉक्टरांना हे कुणा उदार मनाच्या अधिकाऱ्यामुळे मिळालेले नाही. तिथे औषधांचे पैसे एकच सरकारी यंत्रणा चुकते करते, त्यामुळे प्रत्येक दुकानदाराचे बिल आणि त्यासोबत चिठ्ठीतली नोंद तिच्याकडे जमा होते. आपल्याकडे बाह्यरुग्ण उपचाराचे पैसे रोगी रोखीने देतो, चिठ्ठी रोग्याच्या पिशवीत जाते, आणि बरे वाटले की फाटते. पैसे देणारा विखुरलेला असला की माहितीही विखुरते.

म्हणून भारताचे राष्ट्रीय चित्र दोन अप्रत्यक्ष वाटांनी तयार होते. पहिली वाट विक्रीची. देशभरातल्या सुमारे ९,००० घाऊक साठेदारांच्या विक्रीवरून २०१९ सालच्या खासगी बाजारातल्या अँटिबायोटिकांचा हिशोब मांडला गेला आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या वर्षी ५०७.१ कोटी प्रमाणित दैनिक मात्रा (मात्रा म्हणजे मोठ्या माणसाचा ठरवून दिलेला एका दिवसाचा डोस) खपल्या, म्हणजे दर हजार लोकांमागे रोज १०.४. हा आकडा युरोपातल्या अनेक देशांपेक्षा कमी आहे, आणि तेवढ्यावर समाधान मानणारेही आहेत. खरी अडचण प्रकारांत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून अँटिबायोटिकांचे तीन गट केले: नेहमीच्या संसर्गासाठी पहिल्यांदा वापरायचा ‘ॲक्सेस’, प्रतिरोध वाढण्याचा धोका जास्त म्हणून जपून वापरायचा ‘वॉच’, आणि शेवटचा उपाय म्हणून ठेवायचा ‘रिझर्व्ह’. भारतात ‘वॉच’ गटाचा वाटा ५४.९ टक्के आणि ‘ॲक्सेस’चा २७ टक्के निघाला. जगापुढचे उद्दिष्ट ‘ॲक्सेस’ किमान ६० टक्के असावा असे होते. सप्टेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०३० साठी ते ७० टक्के केले. सर्वाधिक खपलेले एकटे औषध म्हणजे ॲझिथ्रोमायसिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी, एकूण खपाच्या ७.६ टक्के. पाठोपाठ सेफिक्झिम २०० मिलिग्रॅम, ६.५ टक्के. दोन्ही ‘वॉच’ गटातली.

प्रमाणित मात्रेचा हिशोब थोडा उलगडून पाहिला, तर तुलना कुठे फसते हे कळते. ॲझिथ्रोमायसिनची प्रमाणित दैनिक मात्रा ३०० मिलिग्रॅम धरली आहे. तीन दिवसांचा ५०० मिलिग्रॅमचा कोर्स म्हणजे दीड ग्रॅम, म्हणजे पाच मात्रा. अमॉक्सिसिलिनची दैनिक मात्रा दीड ग्रॅम. ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, पाच दिवस, म्हणजे साडेसात ग्रॅम. याही पाच मात्रा. दोन दवाखाने, एक सगळीकडे ॲझिथ्रोमायसिन लिहिणारा आणि दुसरा अमॉक्सिसिलिन, एकूण मात्रांच्या तक्त्यात अगदी बरोबरीत येतील. गटांच्या तक्त्यात मात्र एक पूर्णपणे ‘वॉच’मध्ये पडेल, दुसरा पूर्णपणे ‘ॲक्सेस’मध्ये. एका आकड्यावर दवाखान्याची परीक्षा करू नये, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणार नाही.

राष्ट्रीय दर वाशीम जिल्ह्याला लावून पाहिला तर, २०११ च्या लोकसंख्येवर, रोज सुमारे १२,४५० मात्रा होतात; राष्ट्रीय प्रमाणाने त्यांतल्या ६,८०० च्या आसपास ‘वॉच’ गटातल्या. हे जिल्ह्याचे मोजमाप नाही, देशाचा दर जिल्ह्याच्या अंगावर चढवून काढलेला अंदाज आहे. पण रिसोड किंवा कारंज्याच्या डॉक्टरला आपल्या महिन्याच्या चिठ्ठ्या कशाशी लावून पाहायच्या, याची कल्पना त्यातून येते.

दुसरी वाट प्रत्यक्ष चिठ्ठ्यांची. दिल्लीत वर्षभर चाललेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत औषध दुकानांवर व सरकारी दवाखान्यांत आलेल्यांपैकी ३९ टक्के आणि खासगी डॉक्टरांकडे आलेल्यांपैकी ४३ टक्के रोग्यांना किमान एक अँटिबायोटिक दिलेले आढळले. संदर्भमूल्याच्या वरच्या टोकापेक्षा हे दीडपट आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ऑगस्ट २०१९ ते ऑगस्ट २०२० या काळात मोठ्या शिक्षण-रुग्णालयांतल्या ४,८३८ चिठ्ठ्या तपासल्या. ४४.८७ टक्के चिठ्ठ्यांत प्रमाणित उपचारापासून फारकत होती आणि ९.८ टक्क्यांत ती मान्य करता येणार नाही इतकी होती. अशा चिठ्ठ्यांत सर्वांत जास्त वेळा आलेली औषधे कोणती? पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल-डॉम्पेरिडोन आणि सूज उतरवण्यासाठी म्हणून दिल्या जाणाऱ्या विकरांच्या गोळ्या. आणि आजार? श्वसनमार्गाच्या वरच्या भागाचा संसर्ग, म्हणजे हीच सर्दी आणि घसा, आणि उच्च रक्तदाब. शेतमजूर बाईची वरची चिठ्ठी खेड्यातल्या कुणा कमी शिकलेल्या डॉक्टरची, असे मानण्याचा मोह होतो. तिचे नमुने देशातल्या नावाजलेल्या रुग्णालयांतही सापडतात.

भरती झालेल्या रोग्यांची गत वेगळी नाही. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ दरम्यान २० मोठ्या रुग्णालयांत ९,६५२ रोगी पाहिले, ७१.९ टक्के रोग्यांना अँटिबायोटिक सुरू होते, आणि त्यांतली ५५ टक्के औषधे संसर्ग झालेला नसताना, होऊ नये म्हणून दिलेली होती. उपचारासाठी दिलेल्यांपैकी जंतू ओळखून त्यानुसार निवडलेली फक्त ६ टक्के.

यावरून तुलनेचा पहिला नियम निघतो: राष्ट्रीय सरासरीला आदर्श समजू नये. वाशीममधल्या एखाद्या डॉक्टरच्या ४२ टक्के चिठ्ठ्यांत अँटिबायोटिक असेल, तर तो दिल्लीच्या बरोबरीने आहे. चांगला आहे असे नाही. दवाखान्याचा आकडा दोन रेघांजवळ ठेवून पाहावा लागतो. एक रेघ इतर डॉक्टर काय करतात याची, दुसरी शास्त्र काय सांगते याची. पहिलीशी केलेली तुलना डॉक्टरला आपण समूहात कुठे आहोत हे सांगते, दुसरी समूहच किती भरकटला आहे हे सांगते. पहिल्याच रेघेवर थांबले तर सर्वांच्या चुकीला नियमाचा मान मिळतो.

समूह किती भरकटू शकतो, याचा महाराष्ट्रातला सर्वांत बोलका दाखला धारावीचा आहे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या सुमारे शंभर खासगी डॉक्टरांना फुप्फुसाच्या क्षयावर काय लिहाल, असे विचारले होते. उत्तरादाखल ८० निरनिराळे उपचारक्रम आले. क्षयावर सरकारचा ठरलेला क्रम असताना ही स्थिती. वीसेक वर्षांनी, २०१० मध्ये, मुंबईतल्या १०६ डॉक्टरांबाबत तीच पाहणी पुन्हा झाली. या वेळी ६३ निरनिराळे क्रम आले आणि पूर्ण बरोबर क्रम फक्त सहा जणांना लिहिता आला. चुकीच्या क्रमांतले बरेचसे गरजेपेक्षा जास्त औषधे, जास्त काळ देणारे होते. क्षयात चिठ्ठीची चूक फक्त त्या रोग्याच्या वाट्याला येत नाही. अर्धवट मारलेला जंतू औषधाला सरावतो आणि दुसऱ्याच्या फुप्फुसात जातो.

जिल्हा हे परिमाण धरून झालेले काम साताऱ्याचे आहे. १९९० च्या दशकात डॉ. अनंत फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सातारा जिल्ह्यात औषधांचा पुरवठा आणि वापर यांचा अभ्यास केला. सरकारी केंद्रांना खरी गरज किती, पुरवठा किती, खासगी डॉक्टर काय लिहितात, त्यात अनावश्यक किती आणि त्यावर लोकांचा पैसा किती जातो, हे सगळे एका जिल्ह्यापुरते त्यांनी तपासले. त्यावर आधारलेले पुस्तक १९९८ मध्ये आले. चिठ्ठीच्या गुणवत्तेचा आणि गावातल्या घरखर्चाचा संबंध जोडणारे इतके नेमके काम मराठी मुलुखात क्वचित झाले आहे. असे काम वाशीमसारख्या जिल्ह्यात व्हायला हवे, कारण साताऱ्याचा ऊस आणि वाशीमचे सोयाबीन यांच्या हंगामात, मजुरीत आणि आजारांत फरक आहे.

इंजेक्शनाचा प्रश्न वेगळा काढून पाहावा लागतो. २००२-०३ मध्ये देशभर झालेल्या मोठ्या पाहणीत भारतात दरवर्षी सुमारे ३०० कोटी इंजेक्शने दिली जातात आणि त्यांतली ६२.९ टक्के असुरक्षित असतात, असे दिसले. एकदाच वापरायच्या सिरिंज आल्याने परिस्थिती सुधारली, पण सुईची मागणी संपली नाही. ‘सुई देऊन टाका ना साहेब, उद्या सोंगणी हाये’ असे म्हणणारा माणूस अडाणीपणाने बोलत नसतो. सोयाबीन वेळेवर सोंगले नाही तर शेंगा फुटतात. त्याला उद्या सकाळी उभे राहायचे आहे. डॉक्टरलाही माहीत असते की नाही म्हटले तर तो पलीकडच्या दवाखान्यात जाईल.

सलाईनचे तसेच. अशक्तपणा आला की एक बाटली लावून घ्यायची, ही रीत गावोगावी आहे. ग्लुकोज-सलाईनच्या ५०० मिलिलिटर बाटलीत पाणी सोडता २५ ग्रॅम साखर आणि साडेचार ग्रॅम मीठ असते. जो तोंडाने पिऊ शकतो त्याला तेवढेच लिंबूसरबतातून मिळते, शिरेत टोचावे लागत नाही. जुलाबात तर जीवनजल म्हणजे ओआरएस अधिक चांगले. त्याच्या एका पाकिटात साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असते, आणि ते लिटरभर पाण्यात कालवायचे असते. पोटॅशियम सलाईनच्या त्या बाटलीत नसतेच. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी या द्रावणाची ताकद जगाला दाखवली, तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत जुलाब झालेल्या मुलांपैकी ६०.६ टक्क्यांनाच ओआरएस मिळाले होते आणि जस्ताच्या गोळ्या ३०.५ टक्क्यांना.

डॉक्टर ओआरएस का लिहीत नाहीत, याचे उत्तर २०२४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या प्रयोगाने दिले. कर्नाटक आणि बिहारमधल्या २५३ मध्यम शहरांतल्या दोन हजारांहून अधिक खासगी डॉक्टरांकडे रोग्याची भूमिका करणारी माणसे पाठवली गेली. काहींनी ओआरएस हवे असल्याचे सुचवले, काहींनी नाही. काही दवाखान्यांना साठा पुरवला, काहींचा विक्रीतला फायदा बाजूला काढला. साठा संपल्यामुळे न लिहिण्याचे प्रमाण ६ टक्के, पैशाच्या फायद्यामुळे ५ टक्के, आणि रोग्याला ते नकोच असते या डॉक्टरच्या समजुतीमुळे ४२ टक्के निघाले. डॉक्टरला वाटते रोग्याला सुई हवी, रोग्याला वाटते डॉक्टर देतात ते गुणकारी. वाशीमच्या दवाखान्यात इंजेक्शनाचा आकडा वर गेला, तर डॉक्टरला दोष देण्याआधी ही कोंडी पाहावी. औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींचा प्रभाव आणि मेडिकलशी असलेले हितसंबंध हीही कारणे आहेतच. ती नाकारण्यात अर्थ नाही.

अनिश्चितता हे आणखी एक कारण. खोकणाऱ्या मुलाला न्यूमोनिया आहे की साधी सर्दी, हे क्ष-किरणाशिवाय कसे ठरवायचे? याचे उत्तर विदर्भातच मिळाले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या कार्यकर्त्यांना मुलाचे श्वास मोजायला शिकवले आणि जलद श्वास असेल तरच अँटिबायोटिकचे सिरप द्यायला सांगितले. मुलांचे मृत्यू घटल्याचे त्यांचे निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. दोन महिने ते वर्षभराच्या बाळाचे मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त श्वास, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. मुलाचे पोट उघडे करून, ते रडत नसताना, पूर्ण एक मिनिट मोजायचे. जिथे हा मिनिट दिला जातो तिथे अँटिबायोटिक योग्य मुलालाच मिळते. गर्दीच्या दवाखान्यात तोच एक मिनिट सर्वांत महाग असतो.

तुलना करताना हंगामाचे भान हवे. ऑगस्टमध्ये जुलाब, ताप आणि पावसाळी आजार वाढतात, ऑक्टोबरात कापणीच्या जखमा आणि पाठदुखी, डिसेंबरात खोकला. ऑगस्टच्या चिठ्ठ्या देशाच्या वार्षिक सरासरीशी लावल्या तर चांगला डॉक्टरही वाईट दिसेल. रोग्यांची जातकुळीही बघावी: बालरोगतज्ज्ञाकडे संसर्ग जास्त, रक्तदाब-मधुमेहाच्या डॉक्टरकडे औषधांची संख्या जास्त. आणि संख्येचे भान. तीस चिठ्ठ्यांपैकी पंधरांत अँटिबायोटिक निघाले तर प्रमाण ५० टक्के आले खरे, पण इतक्या लहान नमुन्यात खरे प्रमाण ३२ पासून ६८ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते. शंभर चिठ्ठ्या घेतल्या तर हीच फट ४० ते ६० वर येते. म्हणूनच एका दवाखान्यासाठी किमान शंभर भेटींचा नमुना घ्यावा, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत सांगितले आहे.

जास्त औषधांचीच तेवढी चर्चा करून भागत नाही. रक्तदाबाच्या चिठ्ठीत उलट कमतरता आढळते. निदान होते, महिनाभराच्या गोळ्या मिळतात, आणि बरे वाटले की रोगी थांबतो. किंवा एकाच गोळीवर वर्षानुवर्षे राहतो, दाब कमी झाला की नाही हे कोणी पाहत नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले जे पहिले जिल्हे होते, त्यांत विदर्भातले भंडारा आणि वर्धा होते. त्याची मांडणी साधी आहे: ठरलेली मोजकी औषधे, ॲम्लोडिपिनपासून सुरुवात, दाब उतरला नाही तर पायरीपायरीने वाढ, आणि प्रत्येक रोग्याचे कार्ड. अशा दवाखान्याची परीक्षा शंभर रक्तदाबवाल्यांपैकी किती जणांचा दाब १४०/९० च्या खाली आहे, यावर होते. तिथे सरासरी औषधसंख्या वाढली तर ते चांगले लक्षण असू शकते.

कायदा आणि याद्या यांचा तुलनेशी संबंध मर्यादित आहे, पण आहे. हाथी समितीने १९७५ मध्ये ११७ आवश्यक औषधे सांगितली. राष्ट्रीय यादी १९९६ पासून निघते आणि २०२२ च्या आवृत्तीत ३८४ औषधे आहेत. २०१६ मध्ये ३४४ आणि ऑगस्ट २०२४ मध्ये १५६ अशास्त्रीय एकत्रित औषधांवर बंदी आली. दुसऱ्या यादीत ॲसेक्लोफेनॅक ५० आणि पॅरासिटामॉल १२५ मिलिग्रॅमची गोळीही होती. मूळ नावाने लिहिण्याची सक्ती करणारे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे नियम ऑगस्ट २०२३ मध्ये निघाले आणि त्याच महिन्यात स्थगित झाले. त्यामुळे जेनेरिक नावांच्या निर्देशकावर देशातले बहुतेक दवाखाने तळाशी असतात. मूळ नावाखाली मिळणाऱ्या गोळीच्या दर्जाची खात्री डॉक्टरला वाटत नाही तोवर हा आकडा आज्ञेने हलणार नाही. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या परिशिष्ट एच-१ नुसार मेडिकलवाल्याला ठरावीक औषधांची वेगळी वही ठेवावी लागते: डॉक्टरचे नाव, रोग्याचे नाव, औषध, नग, आणि ती तीन वर्षे जपावी लागते. सेफिक्झिम आणि क्षयाची औषधे तिच्यात येतात. सर्वाधिक खपाचे ॲझिथ्रोमायसिन येत नाही, ही त्या वहीतली मोठी उणीव.

तुलना डॉक्टरला कळवली तर चिठ्ठी बदलते का? इंग्लंडमध्ये २०१४ च्या हिवाळ्याआधी सर्वाधिक अँटिबायोटिक लिहिणाऱ्या २० टक्के दवाखान्यांतून १,५८१ निवडले गेले. त्यांतल्या निम्म्यांना देशाच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सहीचे पत्र गेले: तुमच्या भागातले ८० टक्के दवाखाने तुमच्यापेक्षा कमी अँटिबायोटिक लिहितात. दंड नाही, चौकशी नाही. सहा महिन्यांत त्या दवाखान्यांचे प्रमाण ३.३ टक्क्यांनी उतरले, ७३,४०६ अँटिबायोटिक कमी लिहिली गेली. एका पत्रासाठी हे पुष्कळ आहे.

वाशीममध्ये असे पत्र लिहिण्याजोगी जागा आता तयार झाली आहे. जिल्ह्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. त्याआधी जवळचे सरकारी महाविद्यालय अकोल्याचे. एमबीबीएसच्या २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात औषधशास्त्राच्या विद्यार्थ्याने चिठ्ठीचे परीक्षण करून दाखवणे ही सक्तीची कसोटी आहे. ही कसोटी पुस्तकातल्या बनावट चिठ्ठ्यांवर उरकता येते, किंवा जिल्हा रुग्णालयातल्या, ग्रामीण रुग्णालयांतल्या आणि तयार असतील त्या खासगी डॉक्टरांच्या खऱ्या चिठ्ठ्यांवर, नावे झाकून, करता येते. दवाखान्यामागे शंभर चिठ्ठ्या, पावसाळ्यात एकदा आणि हिवाळ्यात एकदा; सरकारी, एमबीबीएस, आयुर्वेद आणि होमिओपॅथी असे गट वेगळे; पाच निर्देशक, आणि ‘ॲक्सेस’-‘वॉच’चे प्रमाण सहावे. डॉक्टरला बंद पाकिटात चार आकडे मिळावेत: स्वतःचा, आपल्या गटाचा, देशाचा आणि शास्त्राचा.

या सगळ्यासाठी चिठ्ठीवर एक रकाना लागतो, तो म्हणजे निदानाचा. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालकांनी देशभरातल्या डॉक्टरांना अँटिबायोटिक लिहिताना त्याचे कारण चिठ्ठीवरच नोंदवण्याची विनंती केली. ‘तीव्र मूत्रमार्ग संसर्ग’ लिहिलेली चिठ्ठी आणि नुसती औषधांची नावे असलेली चिठ्ठी यांत मोजणाऱ्याच्या दृष्टीने फार अंतर आहे. पहिली बरोबर की चूक हे ठरवता येते, दुसरी फक्त मोजता येते.